स्प्रेडशीटमधला कोड वाचता आला पाहिजे

अनेक कार्यालयांत अधूनमधून एक परिपत्रक निघतं: अमुक तारखेपासून एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे शीटमधली कामं आपोआप करून देणारे छोटे प्रोग्रॅम, बंद. कारण म्हणून 'सुरक्षा' आणि 'नियंत्रण' हे दोन शब्द दिलेले असतात. परिपत्रक काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्या टेबलावर ते पोचतं त्याचं पुढे काय होतं, हे त्यांना सहसा दिसत नाही. काल एक बटण दाबून होणारं काम आज हाताने सुरू होतं. डझनभर फाइली उघडायच्या, प्रत्येकीतले ठरावीक रकाने कॉपी करायचे, एकाखाली एक पेस्ट करायचे, रिकाम्या ओळी काढायच्या, बेरजा जुळवायच्या. काम तेच आणि माणूसही तोच. फक्त आता मधे त्याचे डोळे आणि बोटं आली, आणि संध्याकाळपर्यंत ती दमतात. दमलेल्या बोटांनी एक ओळ सुटली तर ती कुठे सुटली याची नोंद कुठेच राहत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. स्प्रेडशीटच्या आत स्क्रिप्ट, म्हणजे मॅक्रोसारखा क्रमवार सूचनांचा कोड, चालवण्याची सोय लोकांकडून काढून घेऊ नये. काम जाणणाऱ्या माणसाच्या हाती आलेली ती फार मोठी ताकद आहे. मात्र ती स्क्रिप्ट लपून राहता कामा नये. शीटमधले आकडे जो वापरतो त्याला त्या आकड्यांमागचा कोड दिसला पाहिजे, वाचता आला पाहिजे आणि त्यावर प्रश्न विचारता आला पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी कोड आधी लपवला जातो, लपल्यामुळे त्याची भीती वाटते आणि भीतीपोटी तो बंद केला जातो.

स्क्रिप्ट ही स्प्रेडशीटमध्ये बाहेरून घुसलेली गोष्ट आहे, असा एक समज आहे. इतिहास वेगळं सांगतो. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर आलं. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलणार, ही त्यातली मूळ कल्पना. म्हणजे पहिल्याच दिवसापासून स्प्रेडशीट वापरणारा माणूस, स्वतःला प्रोग्रॅमर न म्हणवता, प्रोग्रॅम लिहीत होता. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं आणि त्यात मॅक्रो होते. ते मॅक्रो कुठे लिहायचे? शीटच्याच सेलमध्ये, एका रकान्यात वरून खाली. कळफलकावर कोणत्या क्रमाने काय दाबायचं याची ती नोंद असे, पुढे पुढे त्यात अटी आणि फेरेही. शीट उजवीकडे सरकवली की कोड समोर. एक्सेलच्या जुन्या मॅक्रोंनाही वेगळी मॅक्रो शीट असे, पण तीही सेलचीच बनलेली. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये व्हीबीए ही भाषा आली तेव्हासुद्धा कोडचं पान इतर शीटच्या रांगेत, खाली टॅब म्हणून दिसायचं. एक्सेल ९७ पासून ते पान तिथून उठलं आणि वेगळ्या एडिटरच्या खिडकीत गेलं. ऑल्ट आणि एफ११ ही बटणं ज्याला माहीत आहेत त्यालाच ते दिसतं.

सोयीच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. चांगला एडिटर मिळाला, ओळीओळीने कोड चालवून पाहता येऊ लागला. पण त्याच पावलाने कोड आणि आकडे यांची ताटातूट झाली. शीट पाहणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना आपल्या फाइलीत कोड आहे हे एका बटणावरून किंवा वर येणाऱ्या पिवळ्या पट्टीवरून कळतं. तो काय करतो हे कळत नाही. मला या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे दिसतं.

फॉर्म्युले असताना स्क्रिप्ट हवीच कशाला, असं कुणी विचारेल. फॉर्म्युला एका जागेचं उत्तर सांगतो. तो फोल्डरमधल्या फाइली एकामागून एक उघडू शकत नाही, निकाल वेगळ्या फाइलीत जतन करू शकत नाही, 'आधी हे कर, जमलं तर ते कर, नाही तर थांब आणि मला सांग' असं म्हणू शकत नाही. आपण स्वतः लिहिलेलं फंक्शन सेलमध्ये वापरलं तरी हे बंधन राहतं. एक्सेल असो की गूगल शीट्स, असं फंक्शन आपल्या जागी उत्तर देऊ शकतं, पण दुसऱ्या सेलमध्ये हात घालू शकत नाही. रोजची कामं मात्र क्रमाने करायची असतात. प्रयोगशाळेतल्या यंत्रातून दररोज एक फाइल निघते, ती साफ करायची, कालच्या फाइलीशी ताडायची, मर्यादेबाहेरचे आकडे वेगळे काढायचे. गोदामातला साठा आणि खरेदीची बिलं महिन्याअखेरीस जुळवायची. शेकडो विद्यार्थ्यांच्या गुणांवरून प्रत्येकाचं वेगळं पत्रक काढायचं.

अशी कामं आयटी विभागाकडे द्यावीत, ते नीट सॉफ्टवेअर बनवतील, असं उत्तर मिळतं. काही कामांसाठी ते उत्तर बरोबरच आहे. पण बहुतेक वेळा काय होतं? मागणीचा अर्ज, मग बैठक, मग गरजांचा दस्तऐवज, मग रांग. रांगेत नंबर लागेपर्यंत कामाचं स्वरूप बदललेलं असतं. शिवाय त्या दस्तऐवजात जे कधीच उतरत नाही ते काम करणाऱ्याच्या डोक्यात असतं: अमक्या पुरवठादाराच्या फाइलीत दिवस आणि महिना उलटे येतात, तमक्या शाखेकडून शून्याऐवजी रेघ येते, तिमाहीच्या शेवटच्या दिवशी एक नोंद दोनदा येते आणि ती दोनदा येणंच बरोबर असतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हे दिसणं शक्य नाही. ज्याला दिसतं त्याने चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली, तर ते ज्ञान पहिल्यांदाच कुठेतरी लिहून ठेवलं जातं. माझ्या लेखी वेळ वाचणं हा स्क्रिप्टचा दुय्यम फायदा आहे. पहिला फायदा हा, की कामाची रीत शब्दांत येते.

आता सुरक्षेकडे येतो, कारण तो आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावणं बेजबाबदारपणाचं होईल. एक्सेलच्या फाइलींतून पसरणारा लॅरू हा मॅक्रो व्हायरस १९९६ मध्ये सापडला. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा पसरला. तो वर्डच्या फाइलीत होता, आणि फाइल उघडली की पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःच ईमेल होऊन जायचा. त्यानंतरची दोन दशकं 'कंटेंट सुरू करा' या बटणावर भोळेपणाने पडलेल्या एका क्लिकमुळे कितीतरी संस्थांच्या यंत्रणा ओलीस धरल्या गेल्या. शेवटी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरवलं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले व्हीबीए मॅक्रो मुळातच अडवायचे. जाहीर झालं फेब्रुवारीत, मधे काही काळ मागे घेतलं गेलं आणि जुलैत पुन्हा लागू झालं. हा निर्णय मला पूर्ण मान्य आहे. तो खूप आधी व्हायला हवा होता.

पण त्या निर्णयाचे शब्द नीट पाहायला हवेत: इंटरनेटवरून आलेल्या फाइली. अनोळखी माणसाने पाठवलेला कोड आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने लिहिलेला कोड, यांत फरक करण्याची साधनं उपलब्ध आहेत. कोडवर डिजिटल सही करता येते. विश्वासातले फोल्डर ठरवून देता येतात. सही असलेलेच मॅक्रो चालतील अशी व्यवस्था लावता येते. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचामध्येही सुरक्षेची पातळी अशीच ठरवता येते. या सगळ्याला थोडी मेहनत लागते, आणि सरसकट बंदीला काहीच लागत नाही, म्हणून बंदी होते. हा रोगापेक्षा भयंकर इलाज आहे. आणखी एक गोष्ट सुरक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. हल्लेखोरांना जुन्या एक्सेल ४ चे मॅक्रो इतके आवडत, त्यामागे एक सोपं कारण होतं: मॅक्रो शीट 'अतिगुप्त' करता येते, म्हणजे नेहमीच्या मेन्यूतून ती उघड करण्याचा पर्यायही दिसत नाही. त्यांनाही लपण्याची जागाच हवी होती.

दुसरा आक्षेप चुकांचा. प्रोग्रॅमिंग न शिकलेला माणूस कोड लिहिणार, तो चुकणार, आणि त्या चुकीवर मोठे निर्णय होणार. स्प्रेडशीटमुळे झालेल्या गाजलेल्या गोंधळांची उदाहरणं त्यासाठी दिली जातात. ती उदाहरणं मी जवळून वाचली आहेत आणि त्यांतून निघणारा अर्थ मला वेगळा वाटतो.

२०१२ मध्ये जेपी मॉर्गन बँकेला लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलर्सहून अधिक तोटा झाला. तोटा अर्थातच व्यवहारांमुळे झाला, पण जोखीम मोजणारं गणित एक्सेलमध्ये होतं आणि त्याने जोखीम कमी दाखवली होती. बँकेच्याच चौकशी अहवालात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. त्या शीट हाताने भरल्या जात, एकीतला मजकूर कॉपी करून दुसरीत पेस्ट करून. आणि एका ठिकाणी दोन दरांतल्या फरकाला त्यांच्या सरासरीने भागायचं, ते बेरजेने भागलं गेलं होतं. पहिली गोष्ट स्क्रिप्ट नसल्यामुळे झालेली आहे. दुसरी फॉर्म्युल्यातली.

कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर होता. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ तो जगभर उद्धृत झाला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांच्या शीटमध्ये दिसलं की सरासरीचा फॉर्म्युला एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंत जायला हवा होता, तो चव्वेचाळिसाव्या ओळीवरच थांबला आहे. पाच देश हिशेबातून सुटले होते. निबंधावर इतरही आक्षेप होते आणि एकूण फरकात या पाच ओळींचा वाटा लहान होता, हेही सांगायला हवं. पण माझ्या दृष्टीने यातली सगळ्यांत मोलाची बाब वेगळीच आहे. ती चूक सापडली, कारण लेखकांनी आपली मूळ शीट त्या विद्यार्थ्याला दिली. छापील निबंध कितीही वेळा वाचला असता तरी चव्वेचाळीस हा आकडा कुणाला दिसला नसता.

तिसरं उदाहरण मात्र माझ्या बाजूचं नाही, म्हणून ते टाळणार नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालं की इंग्लंडमधल्या कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद रोजच्या आकडेवारीत आलीच नव्हती. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या फाइली जुन्या एक्सएलएस स्वरूपात ओतल्या जात होत्या आणि त्या स्वरूपात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापलीकडच्या नोंदी गुपचूप गळून पडल्या. त्या रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध उशिरा सुरू झाला. हे ओतण्याचं काम माणसाच्या बोटांनी नव्हे, आपोआप होत होतं. यंत्राने चूक केली, तीही एक अक्षर न बोलता.

स्क्रिप्टची खरी भीती वाटायला हवी ती या न बोलण्याची. ही भीती मोघम ठेवण्यापेक्षा कोडमध्ये ती कुठे बसलेली असते ते दाखवतो.

शीटमध्ये तुम्ही सी७ या सेलचा उल्लेख करणारा फॉर्म्युला लिहिलात आणि नंतर कुणी वर एक ओळ घातली, तर फॉर्म्युला स्वतःहून सी८ कडे पाहू लागतो. स्प्रेडशीटचा हा फार मोठा उपकार आहे आणि तो इतका अंगवळणी पडलेला असतो की आपण त्याचा विचारही करत नाही. पण व्हीबीएमध्ये 'सी७' असं अवतरणचिन्हांत लिहिलं, तर तो निव्वळ मजकूर असतो. वर ओळ आली, मूळ आकडा खाली सरकला, तरी स्क्रिप्ट सी७ कडेच पाहत राहते. तिथे आता दुसराच आकडा असतो. तोही आकडाच, त्यामुळे कुठलीही तक्रार येत नाही. अहवाल निघतो, सुबक दिसतो आणि चुकीचा असतो. उपाय जुना आणि सोपा आहे: त्या सेलला नाव द्यायचं आणि कोडमध्ये नाव वापरायचं. नाव सेलबरोबर सरकतं.

दुसरं पाहा. शेवटची भरलेली ओळ शोधण्याची व्हीबीएतली एक रूढ पद्धत अशी: ए६५५३६ या सेलवर जा, म्हणजे शीटच्या अगदी तळाशी, आणि तिथून वर चढत पहिली भरलेली सेल गाठा. जुन्या एक्सेलमध्ये हे अचूक होतं. एक्सेल २००७ पासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आल्या. मॅक्रो मात्र तसाच राहिला, फाइलीमागून फाइलीत कॉपी होत. जोवर नोंदी थोड्या आहेत तोवर तो बरोबर चालतो, वर्षानुवर्षं चालतो. ज्या दिवशी नोंदी ६५,५३६ च्या पलीकडे जातात त्या दिवशी ती सेल तळाची उरत नाही, भरलेल्या रकान्याच्या मधलीच एक होते. तिथून वर चढणारा मॅक्रो सलग भरलेल्या नोंदींवरून थेट माथ्यावर पोचतो आणि समजतो की शेवटची ओळ पहिलीच आहे. या कोडमध्ये टाइप करतानाची चूक नाही, तर्काचीही नाही. कोणत्या काळी तो खरा होता हे कुठे लिहिलेलं नाही, एवढंच.

आणि तिसरं, ज्याचा मला मनापासून राग आहे. व्हीबीएमध्ये 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' अशी एक ओळ लिहिता येते. तिचा अर्थ: काही बिघडलं तर दुर्लक्ष कर आणि पुढची ओळ चालव. एखाद्या नेमक्या जागी, एका ओळीपुरती तिची गरज असते आणि लगेच खाली ती रद्द करायची असते. पण मॅक्रो अडतोय, वर चौकट येतेय, लोकांना त्रास होतोय, म्हणून कितीतरी जण ती कोडच्या माथ्यावर लावून मोकळे होतात. फाइल सापडली नाही, पुढे चल. तारखेच्या जागी अक्षरं आली, पुढे चल. शेवटी 'काम पूर्ण झाले' असा निरोप येतो. ज्या संस्थेत आकड्यांवर माणसांचे पगार, औषधं किंवा निकाल ठरतात तिथे ही ओळ माथ्यावर दिसली, तर तो मॅक्रो त्याच क्षणी थांबवायला हवा.

या तिन्ही दोषांत एक समान गोष्ट आहे. कोड वाचणाऱ्या जाणत्या माणसाला ते अर्ध्या मिनिटात दिसतात. ते टिकतात, कारण तो कोड कुणी वाचतच नाही. लिहिणाऱ्याने लिहिला, एका बटणाला जोडला, वर पासवर्ड लावला आणि दोन वर्षांनी दुसरीकडे नोकरीला गेला. मागे राहिलेल्यांसाठी ते बटण म्हणजे पूजेची वस्तू होते: हात लावायचा नाही, फक्त दाबायचं. बरं, हा पासवर्ड खऱ्या चोराला अडवत नाही, तो तोडणं फारसं अवघड नसतं. अडवला जातो तो प्रामाणिक सहकारी.

फाइलीची घडणही इथे आडवी येते. एक्सएलएसएम, म्हणजे मॅक्रो असलेली एक्सेलची फाइल, हे प्रत्यक्षात अनेक लहान फाइलींचं एक झिप गाठोडं असतं. त्यातल्या शीट वाचता येण्याजोग्या मजकुराच्या स्वरूपात असतात, पण व्हीबीएचा कोड मात्र एका बायनरी, म्हणजे थेट वाचता न येणाऱ्या, तुकड्यात बांधलेला असतो. परवाच्या आणि आजच्या फाइलीत कोडची कोणती ओळ बदलली हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटसारख्या साधनाला त्यामुळे थेट दाखवता येत नाही. कोड साध्या टेक्स्ट फाइलीत बाहेर काढून ठेवण्याची सोय एडिटरमध्येच आहे. ती दर बदलानंतर वापरायची, एवढी शिस्त लावली तरी निम्मे अंधारे कोपरे उजळतात.

शिस्तीबद्दल अजून थोडं, कारण बंदीला पर्याय म्हणून मी तीच मागतो आहे. मघाशी म्हटलं की सेलमध्ये वापरलेलं फंक्शन दुसरी सेल बदलू शकत नाही. हे बंधन मॅक्रोवर सक्तीने नसतं, पण ते आपण स्वतःहून पाळावं. आलेला कच्चा मजकूर एका शीटमध्ये, त्याला स्क्रिप्टने कधीही हात लावायचा नाही. निकाल दुसऱ्या शीटमध्ये, जी पुसून पुन्हा काढता येते. याचं महत्त्व एका गोष्टीमुळे वाढतं: एक्सेलमध्ये मॅक्रोने शीट बदलली की अनडूची यादी पुसली जाते. हाताने केलेलं मागे घेता येतं, मॅक्रोने केलेलं नाही. मूळ आकड्यांवरच लिहिणारा मॅक्रो एकदा चुकला, तर आधी काय होतं हे सांगायला कुणी उरत नाही. आणि प्रत्येक स्क्रिप्टने शेवटी किती ओळी आत आल्या, किती बाहेर गेल्या, बेरीज काय होती आणि काय झाली, हे लिहून द्यावं. इंग्लंडमधल्या त्या यंत्रणेने 'इतक्या ओळी आल्या, इतक्या मावल्या' एवढं एक वाक्य जरी बोललं असतं, तरी गफलत पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरली असती. लिहिणाऱ्याखेरीज आणखी एकाने कोड वाचलेला असावा आणि त्याचं नाव फाइलीत असावं. यासाठी नवी खाती, नवे अधिकारी, नवी सॉफ्टवेअर लागत नाहीत. वेळ लागतो, आणि तो वेळ हा कामाचाच भाग आहे हे वरिष्ठांनी मान्य करावं लागतं.

अलीकडे या प्रश्नाला एक वेगळं वळण लागलं आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या ऑगस्टमध्ये एक्सेलमध्येच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवण्याची सोय जाहीर केली. कोड पुन्हा सेलमध्ये आला! सेल निवडली की कोड समोर दिसतो, उत्तर त्याच जागी. लोटसच्या काळी जे होतं ते चाळीस वर्षांनी परत आलं, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. विश्लेषणाची पायथनमधली उत्तम साधनं आता अशा माणसाच्या हाती आली आहेत ज्याने कधी वेगळा एडिटर उघडला नसेल. सुरक्षेचाही विचार त्यात आहे: हा कोड तुमच्या संगणकावरच्या फाइलींना किंवा इंटरनेटला हात लावू शकत नाही.

पण तो चालतो कुठे? मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये. तुमचे आकडे तिथे जातात, उत्तर परत येतं. गूगल शीट्समध्ये कोड लिहिण्याच्या गूगल ॲप्स स्क्रिप्ट या सोयीचंही तसंच आहे: कोड गूगलच्या सर्व्हरवर चालतो, एका वेळी सहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि सेलमधल्या स्वतःच्या फंक्शनने तीस सेकंदांत उत्तर द्यावं लागतं. या मर्यादा आज सोसण्यासारख्या असतील. उद्या त्या बदलल्या, वर्गणी वाढली, सोय काढून घेतली, तर संस्थेची कामाची रीतच थांबेल. रुग्णांची माहिती किंवा विद्यार्थ्यांचे गुण परक्या सर्व्हरवर न्यायला कित्येक ठिकाणी परवानगी नसते, तो भाग निराळाच. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये पायथनची स्क्रिप्ट आपल्याच यंत्रावर चालते, नेट बंद असतानाही. ती वापरायला तितकी सुबक नाही, कागदपत्रंही तुटक आहेत. तरीही हा पर्याय जिवंत राहायला हवा आणि सार्वजनिक संस्थांनी तो जिवंत ठेवायला हातभार लावायला हवा. वाचता येणारा कोड आपल्या मर्जीने चालवताही आला, तरच तो आपला.

दुसरं वळण याहून मोठं आहे. आता मॅक्रो लिहायला व्हीबीए यावं लागत नाही. हवं ते साध्या भाषेत एआयला सांगितलं की क्षणात शंभर ओळींचा कोड मिळतो आणि तो बहुधा चालतोही. ज्यांना आजवर कोड लिहिता येत नव्हता त्यांच्यासाठी हे दार उघडणं मला स्वागतार्ह वाटतं. पण मघाशी स्क्रिप्टचा जो पहिला फायदा सांगितला, कामाची रीत शब्दांत येण्याचा, तो इथे निसटू शकतो. लिहिणाऱ्यानेच न वाचलेला कोड फाइलीत जातो. तारखा उलट्या येणाऱ्या त्या पुरवठादाराबद्दल एआयला काहीच ठाऊक नसतं. जो विचारतो त्यानेच ते सांगायला हवं आणि कोडमध्ये ते खरोखर उतरलं का हे ओळीवर बोट ठेवून पाहायला हवं. म्हणून लिहिण्याच्या शिक्षणापेक्षा वाचण्याच्या शिक्षणाची गरज आता जास्त आहे. संगणकाच्या अभ्यासक्रमांत एक्सेल शिकवतात तेव्हा आलेख आणि पिव्होट टेबलवर गाडी थांबते. तिथे विद्यार्थ्यांसमोर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तीस ओळींचा मॅक्रो ठेवावा आणि विचारावं: वर एक ओळ घातली तर हा काय करेल? रिकामी फाइल आली तर? नोंदी दहापट झाल्या तर?

आणि सार्वजनिक पैशाचा, आरोग्याचा, शिक्षणाचा निर्णय ज्या आकड्यांवर होतो त्यांच्याबाबतीत ही मागणी अधिक कडक असायला हवी. असे अहवाल आज पीडीएफमध्ये प्रसिद्ध होतात. पीडीएफमध्ये आकडे राहतात, फॉर्म्युले जातात, मॅक्रोचा तर मागमूसही उरत नाही. त्या पाच सुटलेल्या देशांसारखी चूक त्यात असेल, तर ती बाहेरच्या कुणालाही कधीच सापडणार नाही. तेव्हा अहवालासोबत मूळ शीट द्यावी, तीत कुणाची खाजगी माहिती असेल तर ती वगळून. फॉर्म्युले तसेच ठेवावेत, त्यांच्या जागी नुसत्या किमती पेस्ट करू नयेत. आणि मॅक्रोचा कोड वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलीत जोडावा, म्हणजे ज्याच्या संगणकावर मॅक्रो बंद आहेत त्यालाही तो वाचता येईल.